रात्री साडेदहानंतरचा रेडिओ

जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, उद्याच्या उसळीसाठी मटकी भिजत पडली, दुधाला विरजण लागलं. घरातली मंडळी अंथरुणाला पाठ टेकून मोकळी झाली. नारायणगाव असो, मंचर असो, घोडेगाव असो की खुद्द जुन्नर; आपल्या भागातल्या संसारी बाईचा दिवस साधारण ह्या वेळी संपतो, आणि तिचा स्वतःचा म्हणून जो काही वेळ असेल तो इथून पुढे सुरू होतो.

गंमत अशी की रेडिओचंही असंच आहे. दिवसभर त्यालाही सगळ्यांची मर्जी सांभाळावी लागते. सकाळी भक्तिगीतं, मग बातम्या, बाजारभाव, शेतकऱ्यांसाठी काही, बायकांसाठी काही, मग फर्माइशी. सगळ्यांचं वाढून झालं की रात्री उशिरा जो वेळ उरतो, त्यात रेडिओ आपल्या मनासारखं काही करून बघतो. कधी न ऐकलेली वाद्यांची जुळणी, चाल नसलेलं गाणं, नुसत्या आवाजांची गुंफण, असलं नवं नि काहीसं चमत्कारिक संगीत जगातल्या मोठमोठ्या रेडिओ केंद्रांनी बहुतेक रात्रीच वाजवलं. कारण उघड आहे. ह्या वेळी तक्रार करायला फारसं कुणी जागं नसतं!

पण आपण जाग्या असतो ना. मग हे संगीत आहे तरी काय, आणि ते आपल्यासाठी का नसावं, हे जरा बघू या.

रोज पहाटेची ती धून

प्रयोगी संगीत म्हटलं की पुष्कळजणी म्हणतील, "बाई गं, ते शहाण्यांचं काम, आपलं नव्हे." पण तुमच्या आईने नि आजीने असलं संगीत रोज पहाटे ऐकलेलं आहे, तेही बंबात पाणी तापत असताना. आकाशवाणीचं केंद्र सुरू होताना वाजायची ती धून आठवा. मागे तंबोऱ्याची आस आणि तिच्यावर व्हायोलिनचे चार हळवे सूर. जाणकार त्यात शिवरंजनीची छाया सांगतात. ही धून वॉल्टर कॉफमन ह्या संगीतकाराची म्हणून ओळखली जाते. हा गृहस्थ कार्ल्सबादचा, म्हणजे आजच्या चेक देशातला ज्यू. शेजारच्या जर्मनीत हिटलर आल्यावर ज्यूंचं जगणं कठीण झालं, त्या दिवसांत १९३४ साली तो मुंबईला आला आणि पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळू लागला.

आपल्या संगीताच्या तबकड्या त्याने पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्याला त्यातलं काही म्हणता काही कळलं नाही. पण त्याने हात झटकले नाहीत. हे संगीत हृदय नि बुद्धी असलेल्या माणसांनी केलंय, लाखो माणसांना ते आवडतं, तेव्हा खोट माझ्याच समजण्यात असणार, असा त्याने हिशेब केला आणि ते समजेपर्यंत राहायचं ठरवलं. तो मुंबईत राहिला बारा वर्षं! त्यातून ही परक्या व्हायोलिनची आणि घरच्या तंबोऱ्याची सोयरीक जमली. आपल्याला ती आज परकी वाटतच नाही, कारण कान सरावले. पहिल्या दिवशी ऐकणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे.

त्याच सुमाराला दिल्ली केंद्रावर जॉन फोल्ड्स नावाचा इंग्रज संगीतकार आपली वाद्यं एकत्र बसवून त्यांचा ताफा तयार करत होता. १९३९ साली कलकत्त्याला पटकीने तो गेला आणि ते काम तिथेच थांबलं. त्याची बायको मॉड मॅकार्थी स्वतः नाणावलेली व्हायोलिनवादक. नवऱ्याच्या कितीतरी आधी हिंदुस्थानात येऊन इथलं गाणं शिकलेली. नवऱ्याला ह्या संगीताची गोडी तिच्यामुळे लागली. पण पुस्तकांतून नाव आधी येतं ते त्याचं, हे सांगायला नकोच.

वाद्यांची मोट बांधण्याची ती कल्पना मात्र मेली नाही. १९५२ साली आकाशवाणीने दिल्लीला ‘वाद्यवृंद’ उभा केला. सुरुवातीला तो पंडित रविशंकरांकडे होता, पुढे पन्नालाल घोष, अनिल विश्वास अशा मोठ्या माणसांनी तो सांभाळला. आपल्याकडे गाणं म्हणजे एकाचं. तो गातो आणि बाकीचे साथ करतात. इथे सतार, सरोद, बासरी, सारंगी सगळ्यांनी आधी लिहून ठेवलेलं एकदिलाने वाजवायचं. पुष्कळ बुजुर्गांनी नाकं मुरडली. पण नीट ऐकलं तर त्यात नांदत्या घराची गंमत आहे. सासू, जावा, नणंदा सगळ्या बोलताहेत आणि तरी गोंगाट होत नाही. (असं घर प्रत्यक्षात कुठे असेल तर कळवा!)

आता एक उलटी गंमत. ज्या पेटीवाचून आपलं भजन अडतं, ती पेटी १९४० पासून १९७१ पर्यंत रेडिओवर बंद होती. तिचे सूर ठोकळेबाज, तिला मींड येत नाही, ती परकी, असं तेव्हाच्या जाणत्यांचं म्हणणं. म्हणजे पेटी बाहेर नि व्हायोलिन आत. परकं कोणतं नि घरचं कोणतं, ह्याचा निकाल शेवटी सवयच लावते.

१९५२ सालीच आकाशवाणीने शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू केला. दिल्लीहून निघालेला मैफलीचा सूर देशभरच्या केंद्रांवरून एकाच वेळी ऐकू येई. नभोवाणी मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपले मराठीच. शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. त्यांनी एक केलं, सिनेमाची गाणी जवळजवळ बंद करून टाकली. लोक काय करणार? रेडिओचा काटा सरकवून सिलोनला गेले, आणि दर बुधवारी रात्री बिनाका गीतमाला ऐकू लागले. अखेर १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. केसकरांचा हेतू काही वाईट नव्हता. पण पोरांना गोडधोड मुळीच द्यायचं नाही आणि रोज कारल्याची भाजी वाढायची, असं केलं की पोरं शेजारी जेवायला जातात, हे कोणतीही गृहिणी त्यांना सांगू शकली असती.

ह्याच्या उलट पुण्याच्या केंद्राने काय केलं बघा. १९५३ साली सुरू झालेलं हे केंद्र. १९५५ च्या १ एप्रिलपासून दर आठवड्याला एक नवं कोरं गाणं त्यांनी लोकांना दिलं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडक्यांनी, चाल लावायची, की लगेच प्रक्षेपण. छप्पन्न गाणी! गीतरामायणाला आपण आज प्रयोग म्हणत नाही. पण वर्षभर दर आठवड्याला नवी कविता नि नवी चाल वेळेवर देत राहायचं, हा प्रयोग नव्हे तर काय? कथा ओळखीची, म्हणून त्याला सकाळची वेळ मिळाली आणि लोकांनी रेडिओला हार घातले. अनोळखी संगीताला हे भाग्य कुठलं? त्याच्या वाट्याला रात्रच.

बारा रेडिओ नि मध्यरात्र

जर्मनीत कोलोन शहराच्या रेडिओवर हर्बर्ट आयमर्ट नावाचे एक गृहस्थ १९४८ पासून रात्री उशिराचा संगीताचा कार्यक्रम करत. नव्यातलं नवं, कुणी ऐकायला धजणार नाही असं तिथे लागायचं. १९५१ च्या ऑक्टोबरमध्ये असल्याच एका रात्रीच्या कार्यक्रमात, वाद्य नाही, गळा नाही, केवळ विजेच्या यंत्रातून निर्माण केलेला सूर कसा असतो ते श्रोत्यांना समजावून सांगितलं. त्यातूनच त्या केंद्रात असल्या संगीताचा स्टुडिओ निघाला. आज सिनेमाच्या गाण्यांत जे सिंथेसायझरचे सूर आपण सर्रास ऐकतो, त्यांचं एक मोठं माहेर म्हणजे हा रात्रीचा कार्यक्रम.

पॅरिसच्या रेडिओवर पिएर शेफर ह्या इंजिनियरने १९४८ मध्ये आणखी वेगळंच केलं. आगगाडीच्या यार्डात जाऊन इंजिनांचे आवाज तबकड्यांवर उतरवले आणि ते मागेपुढे जोडून त्याची रचना केली. त्याच मालिकेत एक रचना स्वयंपाकाच्या भांड्यांची! भांड्यांची झाकणं गरगर फिरताना जो आवाज होतो ना, तो. आपल्या हातून ताटली निसटली की ती जमिनीवर आधी सावकाश, मग घाईघाईने थरथरत बसते, आपण "अगं बाई, कुणी जागं झालं का?" म्हणून दचकतो. शेफरला त्यात लय दिसली. आता पुढच्या वेळी ताटली पडली तर जरा ऐका तरी.

आणि अमेरिकेचे जॉन केज! त्यांची १९५१ मधली एक रचना चक्क बारा रेडिओंसाठी आहे. प्रत्येक रेडिओपाशी दोन माणसं. एकाने स्टेशन फिरवायचं, दुसऱ्याने आवाज कमीजास्त करायचा, आणि तेही मनाला येईल तसं नव्हे, कागदावर लिहिल्याप्रमाणे बरोब्बर. आपल्याकडे एका रेडिओपाशी दोन भावंडं बसली की जे व्हायचं, तेच शिस्तीत म्हणायचं! ही रचना न्यूयॉर्कला मे महिन्यातल्या एका रात्री कार्यक्रमाच्या अगदी शेवटी आली. मध्यरात्र होत आलेली. बहुतेक स्टेशनं तोवर बंद. त्यामुळे बारा रेडिओंतून मुख्यतः खरखर नि मधूनच कुठे एखादा शब्द, एखादा सूर. लोक म्हणाले, फजिती झाली. केजना मात्र तसं वाटलं नाही. शांततेत जे ऐकू येतं तेही संगीतच, असं ते मानत.

हे शांततेचं वेड त्यांना लागलं, त्यात आपल्याकडच्या एका बाईंचा वाटा आहे. अहमदाबादच्या गीता साराभाई. बायकांनी पखवाजाला हात लावायचा नाही अशा काळात त्या पखवाज शिकल्या. १९४६ साली त्या न्यूयॉर्कला गेल्या. केजनी त्यांना पाश्चात्त्य संगीत शिकवायचं नि त्यांनी केजना भारतीय, पैशाची देवघेव नाही, असा सौदा ठरला. मन निवळावं, शांत व्हावं म्हणून संगीत, हा आपल्या गुरूंचा विचार गीताबाईंनी त्यांना सांगितला, आणि केजनी तो जन्मभर धरून ठेवला. पुढे १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत विजेच्या संगीताचा स्टुडिओ उभा राहिला, त्यामागेही गीताबाई होत्या. तिथे ध्वनिमुद्रित झालेल्या टेप पुढे कपाटात पडून राहिल्या. २०१७ साली लंडनच्या पॉल पर्गस ह्यांना त्या सापडल्या आणि २०२० मध्ये बीबीसी रेडिओवर त्यांची कहाणी लागली. पन्नास वर्षं ट्रंकेत पडलेला शालू बाहेर काढावा आणि त्याची जर अजून झळकावी, तसं झालं.

रात्रपाळीच्या बायका

एक गोष्ट मला ह्या सगळ्या माहितीत फार लागली. हे अनोळखी संगीत घडवण्यात बायका खूप आहेत, आणि बहुतेकींनी ते इतरांची कामं उरकून, मिळेल त्या वेळात केलं आहे.

डॅफ्नी ओरॅम वयाच्या अठराव्या वर्षी, १९४३ साली, बीबीसीत लागल्या. काम तांत्रिक, आवाज सांभाळण्याचं. दिवसा ते करायचं आणि रात्री सगळे घरी गेले की वेगवेगळ्या स्टुडिओंतली जडशीळ टेप यंत्रं ढकलत एका ठिकाणी आणायची, रात्रभर त्यांच्यावर स्वतःचे प्रयोग करायचे आणि सकाळी माणसं यायच्या आत एकेक यंत्र होतं तिथे नेऊन ठेवायचं. असं कितीतरी दिवस. स्वयंपाकघर दुसऱ्याचं असलं की आपण नाही का, सगळं जिथल्या तिथे ठेवतो, तशातली गत. १९५८ साली बीबीसीने असल्या आवाजांसाठी खास कार्यशाळा उघडली, ती त्यांच्याच खटपटीने. पण वर्षभरात त्या तिथून बाहेर पडल्या, कारण वरिष्ठांना हवे होते नाटकांसाठी आवाज, संगीत नव्हे. मग खेड्यातल्या घरी बसून त्यांनी एक यंत्र केलं. फिल्मच्या पट्टीवर रेषा काढायची नि यंत्राने ती गाऊन दाखवायची. रांगोळीची रेघ गाऊ लागली तर कशी गाईल, ह्याचं उत्तर म्हणा ना.

डेलिया डर्बिशायर त्यांच्या मागून आल्या. केंब्रिजच्या गणित नि संगीताच्या पदवीधर. एका मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना साफ सांगितलं होतं की आम्ही स्टुडिओत बायका घेत नाही. त्यांनी दिव्याच्या एका हिरव्या पत्र्याच्या शेडवर टिचकी मारून तिच्या नादातून संगीत केलं. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ ह्या मालिकेची धून त्यांनी टेपचे इंच-इंच तुकडे कापून, जोडून घडवली. चाल दुसऱ्याची होती, पण ज्यामुळे ती गाजली तो सगळा साज ह्या बाईचा. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव लागलं ते २०१३ साली. तेव्हा त्यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. १९६४ मध्ये त्यांनी रेडिओवर आणखी एक प्रयोग केला. साध्यासुध्या माणसांनी सांगितलेली स्वप्नं, पळण्याची, पडण्याची, पाण्यात बुडण्याची, आणि त्यांच्या मागे हलते, धूसर सूर. रात्री एकटीने ऐकलं तर अंगावर काटा येईल असं.

आणि एलियान रादिग. फ्रान्समधल्या नीस गावात राहणारी, तीन मुलांची आई. घर विमानतळाजवळ. विमानांच्या घरघरीने शेजारीपाजारी कावलेले; हिला मात्र त्या घरघरीतले बारीक फरक ऐकायचा नाद. एक दिवस घरच्या रेडिओवर शेफरची ती आगगाड्यांची रचना कानावर आली आणि आपल्याला जे ऐकू येतं ते दुसऱ्या कुणालाही ऐकू येतं, हे कळलं. पण लगेच काही करता आलं नाही. मुलं लहान. शेफरकडे जाऊन थोडं शिकली, परत आली, संसार केला. खऱ्या अर्थाने काम सुरू झालं ते पस्तिशीनंतर, घरातच मांडलेल्या यंत्रांवर. तिच्या रचना तास-तास चालतात आणि त्यांत वरवर काहीच घडत नाही. तंबोरा छेडत बसावं नि हळूहळू त्यातला गंधार आपोआप ऐकू यावा, तशा. तंबोऱ्याची सवय असलेल्या आपल्या कानांना त्या युरोपातल्या लोकांपेक्षा लवकर कळतील, असं माझं मत आहे.

हा रात्रीचा कोपराही सुखाने टिकतो असं नाही. बीबीसीच्या रेडिओ ३ वर १९९९ पासून ‘लेट जंक्शन’ नावाचा असला कार्यक्रम होता, आठवड्यातून काही रात्री. २०१९ साली तो कमी करून एकाच रात्रीवर आणला तेव्हा संगीतकारांनी नि श्रोत्यांनी जोराचा निषेध केला होता. उरलेल्या वेळातूनही आणखी कापायचं झालं, तर कात्री पहिल्यांदा कुठे लागते ते आपल्याला ठाऊकच आहे.

जुन्नर-आंबेगावची रात्र

आता आपल्या गावाकडे येऊ. रात्री रेडिओ दिवसापेक्षा जास्त लांबचं ऐकवतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मीडियम वेव्हवर दिवसा पुणे-मुंबई लागते न लागते, आणि रात्री मात्र कुठली कुठली परमुलखातली स्टेशनं खरखरत येतात. ह्याला कारण सूर्य. दिवसा उन्हामुळे जमिनीपासून साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर विद्युतभारित कणांचा एक थर तयार होतो आणि तो ह्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग लहरी त्याच्याही वर जाऊन तिथल्या दुसऱ्या थरावर आपटतात नि शेकडो किलोमीटर लांब जाऊन खाली उतरतात. एफ.एम.चं तसं नाही. ते बहुतांशी नाकासमोर चालतं. मध्ये डोंगर आला की खुंटलं. त्यामुळे नाणेघाटाकडच्या किंवा डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या गावांत एफ.एम. रुसून बसतं आणि जुनी मीडियम वेव्हच रात्री धावून येते.

शिवाय आपली रात्र मुळातच गाण्याची होती. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम आला की फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात. विठाबाई नारायणगावकर ह्याच मातीतल्या. २००२ साली त्या गेल्या. त्यांच्या काळी फड उभा राहायचा रात्री, नि पहाट फुटेपर्यंत चालायचा. तिकडे पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सवही १९५३ पासून रात्र-रात्र रंगायचा. मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले मोजके दिवस काय ती बारापर्यंत सवलत. नियम गरजेचा आहे, आजारी माणसाच्या नि परीक्षेच्या पोरांच्या घरी विचारा! पण त्यामुळे झालं असं की मालकंस, दरबारी हे मध्यरात्रीचे राग मंचावरून त्यांच्या वेळेला ऐकायला मिळेनासे झाले, आणि फडांनाही वग आटोपता घ्यावा लागू लागला. मैदानातली रात्र मुकी झाली. मध्यरात्रीचं संगीत मध्यरात्री ऐकायची जागा आता एकच उरली, ती म्हणजे घरातला बारीक आवाजातला संच. आकाशवाणीने २०१६ साली ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी सुरू केली, तेव्हा मला पहिल्यांदा आठवण झाली ती ह्या बेघर झालेल्या रागांची.

शिवारात मात्र उलटा प्रकार. आपल्याकडे उसात बिबटे. शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्रीचीच, म्हणून दारं धरायला अंधारात जावं लागतं. वनखात्याची माणसं सांगतात, एकटे जाऊ नका, बॅटरी घ्या, नि मोबाईलवर किंवा रेडिओवर मोठ्याने गाणी लावा, म्हणजे माणसाची चाहूल लागून जनावर बाजूला होतं. तेव्हा इथे रात्री गाणं लावणं हा शौक नाही, ते कंदिलासारखं हत्यार आहे. ज्या बायका उसाच्या बांधावर नवऱ्याच्या सोबतीने जागतात त्यांना कोणता राग लागलाय ह्याच्याशी कर्तव्य नसतं, गाणं थांबता कामा नये एवढंच. घरात बसून निवांत ऐकणाऱ्या आपण त्या मानाने भाग्याच्या.

खोडदचा कान

ह्या सगळ्या आवाजांच्या मधोमध, नारायणगावापासून जवळ खोडदला, एक मोठा कान उभा आहे. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांनी उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. चौदा मधल्या चौकात आणि सोळा तीन दिशांना गेलेल्या रांगांत, पार पंचवीस किलोमीटरपर्यंत. जाता-येता त्या आपण पाहतो. पुष्कळांना त्या टी.व्ही.च्या वाटतात! तबकडी भरीव नाही, बारीक तारांची जाळी आहे, म्हणून वारा आरपार जातो, वजन कमी नि खर्चही कमी. मग लहरी गळून जात नाहीत का? नाही, जाळीची भोकं बोटभरही नाहीत आणि आकाशातून येणाऱ्या लहरी वीतभर ते काही मीटर लांबीच्या. चाळणीने गहू चाळावे तसं. इथून काही प्रक्षेपित होत नाही, फक्त ऐकलं जातं. म्हणून तर आसपास रेडिओ लहरींचा गोंगाट कमी असावा लागतो, आणि खोडदची जागा निवडताना डोंगरांच्या आडोशाचाही विचार झाला.

ह्या कानाला काय ऐकू येतं? त्यातलं एक म्हणजे ‘पल्सार’. मरून आकसलेला तारा भिंगरीसारखा फिरतो आणि दीपगृहाच्या झोतासारखा त्याचा लहरींचा झोत दर फेरीला आपल्यावरून जातो. १९६७ साली पहिला पल्सार शोधला जोसलिन बेल ह्या विद्यार्थिनीने, कागदाच्या मैलभर पट्ट्या डोळ्यांखालून घालून. १९७४ चं नोबेल मिळालं ते तिच्या मार्गदर्शकांना. चला, पुढे जाऊ. ह्या लहरींना स्वतःचा आवाज नसतो, पण यंत्राने त्यांचा आवाज करता येतो, आणि तो चक्क ठेक्यात असतो. एका पल्सारची फेरी पाऊण सेकंदाहून थोडी कमी. मिनिटाला साधारण ८४ ठोके, म्हणजे झाली की मध्यलय! दुसरा सेकंदाला अकरा वेळा फिरतो, तो तबल्याच्या रेल्यासारखा. आणि १९८२ साली सापडलेला एक सेकंदाला सहाशे बेचाळीस वेळा. त्याचे ठोके वेगळे ऐकूच येत नाहीत, त्यांचा एक उंच, धारदार सूरच होतो. तो शोधणाऱ्यांत श्रीनिवास कुळकर्णी होते, जन्म कुरुंदवाडचा, आपल्या सुधा मूर्तींचे बंधू.

फ्रान्सचे संगीतकार जेरार ग्रिझे ह्यांनी ह्याच ताऱ्यांना साथीला घेतलं. सहा तालवादक श्रोत्यांभोवती गोलात बसतात आणि मध्येच थांबतात. मग पल्सारचा ठेका ऐकू येतो. १९९१ साली ब्रसेल्सला पहिल्यांदा हे झालं तेव्हा एका ताऱ्याचा ठेका फ्रान्समधल्या रेडिओ दुर्बिणीकडून त्याच क्षणी आणला होता. रात्रीच्या रेडिओची ह्याच्या पुढची मजल मला तरी माहीत नाही.

आणि २०२३ च्या जूनमध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की विश्वात एक अतिशय मंद घुमारा भरून राहिला असल्याच्या खुणा सापडल्या आहेत. प्रचंड वस्तुमानाच्या कृष्णविवरांच्या जोड्या एकमेकींभोवती फिरतात, त्यातून उठणाऱ्या गुरुत्वलहरींचा. एक लहर पुरी व्हायला वर्षानुवर्षं लागतात, इतका खर्ज. त्या कामात खोडदच्या दुर्बिणीचं निरीक्षण होतं. आपल्या कांद्याच्या शेतांपलीकडे बसून कुणीतरी विश्वाचा तंबोरा ऐकत होतं, आणि आपण तेव्हा उद्याच्या डब्याला काय करायचं ह्या विवंचनेत!

ऐकायचं कसं?

आता थोडं व्यवहाराचं. मीडियम वेव्ह लागत नसेल तर संच उचलून फिरवून बघा. आत आडवी कांडी असते, तिची दिशा जमली की खरखर एकदम कमी होते. जवळ मोबाईलचा चार्जर, एल.ई.डी.चा दिवा किंवा इन्व्हर्टर असेल तर गुणगुण येते. तेवढ्यापुरता दिवा मालवा, संच सेलवर चालवा नि खिडकीशी न्या. एफ.एम.ला एरियल पूर्ण बाहेर काढून तिरपी करा. मोबाईलवर ऐकायचं तर आकाशवाणीचं अॅप आहे, त्यावर दूरदूरची केंद्रं मिळतात. इअरफोन एकाच कानाला लावा. दुसरा कान घरासाठी मोकळा हवा. म्हातारं माणूस रात्री हाक मारतं, पोर दचकून उठतं.

अनोळखी संगीत लागलं तर त्यात चाल शोधू नका. पत्र्यावर पाऊस पडतो तो आपण कसा ऐकतो? कुठे टपटप, कुठे धार, कुठे पन्हळ. तसं. दहा मिनिटं द्या. मग नाही आवडलं तर खुशाल बंद करा, कुणी परीक्षा घेत नाही. कॉफमनलासुद्धा पहिल्या दिवशी आवडलं नव्हतं. यजमान कूस बदलून म्हणतीलच, "हे काय किरकिर लावलंयस?" त्यावर भांडत बसू नका. दिवसभर त्यांच्या बातम्या नि क्रिकेट आपण ऐकतोच, एवढंच हसत सांगा.

रोज मात्र जागू नका. पहाटे पाण्याला उठायचं असतं, नि अपुऱ्या झोपेचा राग मुलांवर निघतो. आठवड्यातून एक रात्र पुरे. शाळेच्या डब्यांना सुट्टी असते ती शनिवारची चांगली. संच स्वयंपाकघरात फळीवर ठेवा, आवाज पातेल्यातल्या आधणाइतका, नि दार नुसतं लोटून घ्या, कडी लावू नका.